ताटकळलेली आग : घराबाहेरच्या लाकूड-कोळसा बॉयलरची निवड आणि निगा

पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब ज्याने स्वतःच्या हाताने पेटवला आहे, त्याला या यंत्राचे तत्त्व नव्याने शिकवावे लागत नाही. मधोमध आगीचा नळा, त्याच्याभोवती पाणी, खाली जाळी, वर धुराडे. आग पाण्याच्या पोटात असल्याने तिची ऊब सगळीकडून पाण्यालाच मिळते. उत्तर अमेरिकेतल्या थंड ग्रामीण मुलखात, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, व्हरमाँट किंवा न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, घरामागे थोड्या अंतरावर पत्र्याची टपरीवजा खोली उभी दिसते आणि तिच्या माथ्यावरून धूर निघत असतो. तो हाच बंब, फार मोठा झालेला. त्याच्या पोटात चारशेपासून दीड हजार लिटरपर्यंत पाणी असते. ते साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसवर राखायचे, जमिनीखालच्या उष्णतारोधक नळ्यांतून पंपाने घरात न्यायचे. तिथे ते आपली उष्णता हवेला, फरशीला किंवा आंघोळीच्या पाण्याला देते आणि निवून परत येते. बहुतेक यंत्रांत हे पाणी वरून हवेला उघडे असते, त्यामुळे आत दाब साठत नाही. राख, धूर, सालींचा कचरा आणि आगीचे भय घराबाहेर राहते, ही त्याची मोठी सोय.

बंबात आणि त्यात एक मूलभूत फरक मात्र आहे. बंब सकाळी पेटतो, घरातल्यांच्या आंघोळी उरकतात, निखारे विझतात. बाहेरचा बॉयलर ऑक्टोबरात पेटतो तो एप्रिलपर्यंत विझत नाही. मग घराला उष्णता नको असते तेव्हा त्याने काय करायचे? पाणी ठरलेल्या तापमानाला पोहोचले की थर्मोस्टॅट पंखा बंद करतो, हवेची झडप मिटते आणि पेटत्या लाकडांनी भरलेली कोठडी हवेवाचून धुमसत राहते. शेजाऱ्याच्या घरात शिरणारा धूर, धुराड्यात साचणारे डांबर, अकाली गळू लागणारा पत्रा, ढिगामागून ढीग संपवणारी भूक या तक्रारींचा मोठा भाग इथेच जन्मतो. म्हणून निवडीचा आणि निगेचा सारा विचार एका प्रश्नाभोवती करावा असे माझे मत आहे : या यंत्रातली आग किती वेळ ताटकळत राहणार?

आधी इंधन, मग यंत्र

लाकूड आणि दगडी कोळसा दोन्ही जळतात, पण जळण्याची रीत वेगळी. कोरड्या लाकडाच्या वजनाचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग तापल्यावर वायुरूप होऊन बाहेर पडतो आणि ज्वाळा म्हणजे हा वायू पेटणे. त्याला हवा हवी ती वरून, ज्वाळेच्या पातळीवर. लाकूड राखेच्या गादीवर पडूनसुद्धा आनंदाने जळते. अँथ्रासाइट हा सर्वांत कठीण दगडी कोळसा नेमका याच्या उलट. त्यात वायुरूप होणारा भाग दहा टक्क्यांच्याही आत असतो, बाकी बहुतेक कार्बन. त्याला हवा खालून, थराच्या आरपार जावी लागते. थर जाड हवा आणि राख सतत खाली पडत राहायला हवी.

हे माणसाला कळायलाही वेळ लागला. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात हा कोळसा मुबलक होता, लोहार भात्याच्या जोरावर तो वापरतही होते, पण घरच्या चुलाण्यात टाकला की विझायचा. फेब्रुवारी १८०८ मध्ये विल्क्स-बॅरी गावात जेसी फेल याने आपल्या खानावळीत लोखंडी जाळी उंचावर बसवून तिच्यावर तो पेटवून दाखवला. भाता नाही, पंखा नाही. फक्त जाळीखाली मोकळी हवा. पुढे त्या भागातली घरे पिढ्यान्‌पिढ्या याच कोळशावर उबदार राहिली.

म्हणून ‘लाकूड आणि कोळसा दोन्ही चालते’ अशी पाटी दिसली की खाली वाकून कोठडीचा तळ पाहावा. हलवता येणारी जाड ओतीव लोखंडाची जाळी, तिच्याखाली वेगळी राखपेटी, खालून येणारी हवा आणि लाकडासाठी वरून येणारी स्वतंत्र हवा, एवढे सगळे असेल तरच त्या पाटीला अर्थ आहे. सपाट तळाच्या कोठडीत कोळसा टाकला तर वरचा थर काळा पडतो आणि तळाला अर्धवट जळलेले ढेकूळ उरते. उलट, कोळशासाठी घडवलेल्या जाळीवर लाकूड जळते खरे, पण निखारे फटींतून राखपेटीत पडून वाया जातात. दोन्ही इंधने सारख्याच उत्तम रीतीने जाळणारी एकच कोठडी होत नाही. मुख्य इंधन कोणते ते ठरवावे आणि त्याचे यंत्र घ्यावे. दुसरे इंधन अडचणीपुरते. स्वतःचे रान असलेल्या मिनेसोटातल्या शेतकऱ्याने कोळशाच्या जाळीसाठी जादा पैसे मोजू नयेत. पेनसिल्व्हेनियातल्या लुझर्न, लॅकवाना किंवा स्कूलकिल परगण्यात, खाणीच्या तोंडाशी राहणाऱ्याने लाकडाच्या यंत्राकडे पाहण्याचे कारण नाही.

कोळशाची उष्णता विजेच्या युनिटांत मोजली तर गणित सोपे जाते. एक किलो अँथ्रासाइटमध्ये सुमारे ८ युनिट उष्णता, चांगल्या वाळलेल्या लाकडात सुमारे ४. म्हणजे वजन निम्मे आणि जागा त्याहून कमी. पण राख? लाकडाची शंभराला एखादा किलो, अँथ्रासाइटची दहा-बारा किलो. आपल्या चंद्रपूर-वणीकडच्या कोळशात राख तीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत जाते. औष्णिक वीजकेंद्रात तो पूड करून जाळला जातो, पण अशा घरगुती जाळीवर तो काही तासांत हवेची वाटच बुजवील. राखेचे प्रमाण हा कोळसा निवडताना पहिला प्रश्न, आकार दुसरा. हाताने भरायच्या भट्टीला अक्रोडाएवढे खडे लागतात; आपोआप भरणाऱ्या यंत्राला तांदूळ म्हणवला जाणारा बारीक माल. एकाचा दुसऱ्यात चालत नाही. मऊ, धुरकट बिट्युमिनस कोळसा घराजवळच्या यंत्रात जाळू नये, या मताचा मी आहे. त्याची काजळी पाण्याच्या नळ्यांवर बसते आणि धूर शेजारात जातो.

लाकडाच्या बाबतीत झाडाच्या जातीपेक्षा ओल महत्त्वाची. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. असे १०० किलो लाकूड कोठडीत टाकणे म्हणजे ५० लिटर पाणी आगीवर ओतणे. ते पाणी तापवून वाफ करण्यात सुमारे ३५ युनिट उष्णता धुराड्यातून निघून जाते. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. वाफेने कोठडी थंड राहते, वायू न जळताच बाहेर पडतात आणि डांबर होऊन पत्र्याला चिकटतात. बाहेरच्या बॉयलरला ओले लाकूड चालते असे सांगणारे विक्रेते भेटतात. पेटते, एवढेच खरे. ओल २० टक्क्यांच्या आत हवी आणि ती मोजायची तर ओंडका नव्याने फोडून आतल्या ताज्या बाजूवर आर्द्रतामापकाच्या सुया टोचाव्या. बाहेरची बाजू नेहमी खोटी ग्वाही देते.

घराचा हिशेब

यंत्र किती मोठे घ्यावे, इथे बहुतेक जण चुकतात आणि चुकतात ते एकाच दिशेने. मोठे घेतले की बिनघोर, असा समज. प्रत्यक्ष आकडे मांडून पाहू. समजा, घराच्या भिंती, छप्पर, खिडक्या आणि फटी मिळून आतबाहेर दर एक अंशाच्या फरकाला २५० वॉट उष्णता गमावतात. बाहेर उणे २५ आणि आत २० अंश, म्हणजे फरक ४५ अंश, गरज ११.२५ किलोवॉट. मिनेसोटातल्या कडाक्याच्या रात्रीची ही कमाल. हिवाळ्याच्या सरासरी दिवशी बाहेर शून्य अंश धरले तर गरज ५ किलोवॉटवर येते. अशा घरामागे ६० किलोवॉटचे धूड उभे केले तर सरासरी दिवशी ते बारा तासांत एकच तास जळेल आणि अकरा तास धुमसेल. १५ किलोवॉटचे यंत्र दर तीन तासांत एक तास जळेल.

लाकडाच्या ढिगावर याचा परिणाम काय? सरासरी ५ किलोवॉटच्या हिशेबाने २०० दिवसांच्या हिवाळ्यात २४,००० युनिट लागतात. लाकडातली साठ टक्के उष्णता घरात पोहोचली तर १० टन लाकूड पुरते. चाळीसच टक्के पोहोचली तर १५ टन. हे वरचे ५ टन कुणीतरी तोडतो, फोडतो, रचतो, वाहतो आणि त्यातून मिळतो तो धूर.

म्हणून यंत्र घराच्या कमाल गरजेच्या जवळचे घ्यावे, वर थोडी सवड ठेवून. घरात जुनी गॅसची किंवा तेलाची भट्टी असेल तर ती काढू नये. वर्षातल्या चार-पाच भयंकर रात्री तिच्यावर सोपवाव्या. आणि त्याहून आधी माळ्यावर उष्णतारोधक थर टाकावा, खिडक्यांच्या फटी बुजवाव्या. घराची गळती २५० वॉटवरून १८० वर आली तर बॉयलर, ढीग आणि घाम तिन्ही कमी होतात. बॉयलरचा विक्रेता हे क्वचित सांगेल.

ताटकळण्यावर खरा इलाज १९७३ च्या तेलसंकटानंतरच्या वर्षांत मेन विद्यापीठातले प्राध्यापक रिचर्ड हिल यांनी मांडला. त्यांचे म्हणणे असे की आग कधी दाबूच नये. ती पूर्ण जोमाने जळू द्यावी, न जळलेल्या वायूंना वेगळ्या तप्त कोठडीत पुन्हा हवा देऊन जाळावे आणि निर्माण झालेली उष्णता पाण्याच्या मोठ्या टाकीत साठवावी. २,००० लिटर पाण्याचे तापमान ३० अंशांनी वाढवले की त्यात सुमारे ७० युनिट जमा होतात. वरच्या घराला सरासरी दिवशी चौदा तास पुरतील एवढे. आग दिवसातून एकदोनदा पेटवायची आणि संपू द्यायची. हा पुन्हा बंबच झाला! आजची वायुज्वलनाची यंत्रे याच विचारातून आली आहेत. त्यांच्या खालच्या, विटांनी अस्तर केलेल्या कोठडीत तापमान हजार अंशांच्या आसपास जाते आणि चांगले लाकूड असेल तर धुराड्यातून धूर जवळजवळ दिसत नाही. साठवण टाकीला खर्च आणि जागा लागते. तरीही ज्याला परवडेल त्याने यंत्र लहान घेऊन टाकी घ्यावी, उलटे करू नये.

कायदाही याच वाटेने आला. साधी, एकाच कोठडीची यंत्रे १९८० नंतर झपाट्याने पसरली. मिनेसोटातल्या ग्रीनबुश या छोट्या गावातली सेंट्रल बॉयलर ही कंपनी १९८४ मध्ये सुरू झाली. पाठोपाठ धुराच्या तक्रारी आल्या. व्हरमाँटने १९९७ मध्ये अशा यंत्रांसाठी शेजाऱ्यापासून २०० फुटांचे अंतर ठरवले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ मध्ये देशभर लागू होणारी मर्यादा घातली आणि १५ मे २०२० पासून ती आणखी कडक केली. मिळणाऱ्या उष्णतेच्या दर युनिटामागे सूक्ष्म कण पूर्वी साधारण अर्धा ग्रॅम चालत. नव्या मर्यादेत चाचणीच्या ठरावीक लाकडी चौकटींवर ०.१५ ग्रॅमच्या आसपास आणि नेहमीच्या सरपणावर पाव ग्रॅमच्या आत. जुने यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घेण्याआधी आपल्या राज्यात ते बसवता येते का, हे विचारावे. प्रमाणपत्र मात्र कोरड्या लाकडावर आणि चाचणीच्या शिस्तीत मिळालेले असते. ओल्या लाकडाने तेच यंत्र जुन्यासारखे धुरावते.

जमिनीखालचा चोर

घर आणि बॉयलर यांच्यामधली नळी नजरेआड असते, म्हणून तिच्यावर लोक पैसे वाचवतात. तिच्यातून दर सेकंदाला अर्धा लिटर पाणी जाते आणि वाटेत ३ अंश थंड होते असे धरा. गमावली ६ किलोवॉटहून अधिक उष्णता. वरच्या घराची सरासरी गरज ५ किलोवॉट होती! घराला तापवण्यापेक्षा जास्त लाकूड माती तापवण्यात जाईल. स्वस्त नळीत साध्या फोमच्या पट्ट्या गुंडाळून त्या प्लॅस्टिकच्या आवरणात कोंबलेल्या असतात. आवरणात भूजल शिरले की फोम असून नसल्यासारखा. कारखान्यातच नळीभोवती घट्ट फेस भरून बंद केलेली नळी महाग पडते, पण या यंत्रणेत खर्च करायचाच तर तो इथे. खोटी नळी ओळखणे सोपे : हिमवर्षावानंतर अंगणात बर्फ वितळलेला सरळ पट्टा दिसतो.

जागा ठरवताना वाऱ्याची दिशा बघावी आणि शांत, गोठलेल्या रात्रीचाही विचार करावा. अशा रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड आणि जड असते. धूर वर न जाता खळग्यात पसरतो. घर सखल भागात असेल तर धुराडे उंच करूनही पुरेसे होत नाही.

पत्र्याबद्दल थोडक्यात. साधे पोलाद जाड असले तर टिकते, पण जाडी गंजाला उशीर लावते, थांबवत नाही. आगीकडच्या आम्लांपुढे ४०९ जातीचे स्टेनलेस पोलाद अधिक तग धरते. घरगुती भांड्यांत वापरले जाणारे ३०४ कागदावर सरस वाटते. पण क्लोराइड असलेल्या तप्त पाण्यात ताणाखाली त्याला तडे जाण्याची खोड आहे. हमीपत्र वाचताना किती वर्षे लिहिली आहेत यापेक्षा पाण्याची तपासणी कधी, किती वेळा आणि कोणाकडून करून घ्यावी लागते ते वाचावे.

निगा

पत्रा दोन्ही बाजूंनी मरतो. पाण्याच्या बाजूने प्राणवायू त्याला टोचतो आणि आगीच्या बाजूने आम्ल चाटते.

यंत्र हवेला उघडे असल्याने पाण्यात प्राणवायू विरघळत राहतो. पहिल्यांदा भरताना कठीण विहिरीचे पाणी घेऊ नये, नाहीतर बंबाच्या आत बसतो तसा चुनखडीचा थर सर्वांत तापणाऱ्या जागीच बसतो. पाण्यात नायट्राइटयुक्त गंजरोधक मिसळावा, सामू ८ च्या वर ठेवावा आणि वर्षातून निदान एकदा नमुना तपासून घ्यावा. पाणी वरचेवर कमी होत असेल तर नुसती भर घालत बसू नये. प्रत्येक नव्या बादलीबरोबर नवा प्राणवायू आणि नवे क्षार आत येतात, गळती शोधावी.

आगीच्या बाजूचे सूत्र सोपे आहे : पोलाद कधी थंड पडू देऊ नये. धुरातली वाफ साधारण ५५ ते ६० अंशांखालच्या पृष्ठभागावर दवासारखी जमते आणि तिच्यात लाकडाची आम्ले किंवा कोळशातला गंधक विरघळतो. घरातून परतणारे पाणी फार गार असेल तर तापमान राखणारी मिश्रणझडप बसवून ते ६० अंशांच्या वर नेऊनच बॉयलरमध्ये सोडावे. उबदार दिवसांत कोठडी गच्च भरू नये. पुढच्या आठ-दहा तासांना पुरेल एवढेच लाकूड घालावे. नुसत्या आंघोळीच्या पाण्यासाठी उन्हाळाभर बॉयलर चालवणे हा आग ताटकळत ठेवण्याचा सर्वांत वाईट प्रकार आहे.

दार उघडताना आधी पंखा बंद करावा, मग दार दोन बोटे उघडून थांबावे. धुमसत्या कोठडीत न जळलेला वायू कोंडलेला असतो, त्याला अचानक हवा मिळाली तर ज्वाळा भपकन तोंडावर येते. कोळशात ही काळजी अधिक. नवा कोळसा घालताना सगळे निखारे झाकू नयेत; एका कोपऱ्यात लाल भाग उघडा ठेवावा, म्हणजे वर येणारा वायू तिथेच निळ्या ज्वाळेने पेटतो. जाळी हलवावी ती राखपेटीत लाल उजेड दिसेपर्यंत, त्याहून जास्त नाही. लाकडाची सवय असलेला माणूस सळई घेऊन वरून निखारे ढवळतो. कोळशात असे केले की राख तप्त भागात मिसळते, वितळते आणि तिचे दगडासारखे ढेकूळ होऊन जाळी अडते.

दाराच्या दोरीवजा पट्टीत कागदाची चिठ्ठी अडकवून दार लावावे. ती सहज ओढता आली तर तिथून हवा शिरते आहे आणि झडप मिटली तरी आग आपल्या मनाने जळत राहणार. पाणी उकळण्याचे हे नेहमीचे कारण. वरची हवेची नळी कधीही बुजवू नये, झाकण घट्ट आवळू नये. ती उघडी आहे तोवर हे यंत्र पाण्याचे भांडे आहे; बंद केली की तो दाबाखालचा बॉयलर होतो आणि तो दाब सोसण्यासाठी हा पत्रा घडवलेलाच नाही. वीज गेली की पंप थांबतो, हेही ध्यानात ठेवून छोटी बॅटरी-व्यवस्था ठेवावी. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढावी आणि भिंतीपासून दूर ठेवावी. आतले निखारे दोन-दोन दिवस जिवंत राहतात. लाकडाची राख बागेत बेताने चालते, कोळशाची भाजीच्या वाफ्यात घालू नये. प्लॅस्टिक, रंगवलेले किंवा रसायन पाजलेले लाकूड जाळणे हा तर शेजाऱ्यावर आणि स्वतःवर केलेला अन्यायच. २००३ पर्यंत अमेरिकेत घरगुती वापरासाठी विकल्या गेलेल्या हिरवट फळ्यांत आर्सेनिक असे.

वर्षातले सर्वांत मोलाचे काम मात्र एप्रिलमधले आहे, जेव्हा कंटाळा आलेला असतो आणि बाहेर ऊन पडलेले असते. शेवटचे दोन दिवस कोरड्या लाकडाची जोरदार आग करावी, म्हणजे डांबर सुकून सुटे होते. मग राखेचा कण न ठेवता कोठडी खरवडावी, धुराच्या नळ्या ब्रशने साफ कराव्या. राख हवेतली ओल ओढते, आणि कोळशाची राख ओली झाली की गंधकाचे आम्ल तयार होते; उन्हाळ्याच्या चार महिन्यांत ते हिवाळ्यापेक्षा जास्त पोलाद खाते. कोळसा जाळला असेल तर कोठडी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, तेलाचा पातळ हात द्यावा. धुराड्यावर झाकण घालावे. पाणी काढू नये. गंजरोधक मिसळलेले पाणी पोटात भरलेले असताना आतला पत्रा हवेपासून सुरक्षित राहतो.

आता ज्याला हे यंत्र घ्यायचे आहे त्याने आधी दुकानात जाऊ नये. घराची उष्णतेची गळती मोजून घ्यावी, मग लाकूड फोडून, जमिनीपासून उंच, वरून झाकून आणि बाजू उघड्या ठेवून रचावे. ओकचे लाकूड असे ठेवल्यावर जाळण्याजोगे व्हायला दोन उन्हाळे लागतात.